भुसावळच्या उन्हात स्लॉटेड हेडस्टॉकची गिटार: घ्यावी की सॉलिडच बरी?

तापीकाठ (भुसावळ)

राम राम मंडळी.

स्टील तारांची अकूस्टिक गिटार घ्यायची आहे. वाजवणं बसून, बोटांनी, घरातच. दोन गिटारींवर गाडी अडली आहे. पहिलीची मान १२ व्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) बॉडीला जोडलेली, हेडस्टॉक (मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) स्लॉटेड, म्हणजे मध्ये दोन लांब खिडक्या कापलेला, आणि नट (हेडस्टॉककडे जाताना तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ४६ मिमी रुंद. दुसरीची मान १४ व्या फ्रेटला, हेडस्टॉक सॉलिड, म्हणजे अखंड, नट ४३ मिमी. बॉडीचा आकार जवळपास सारखा, दोन्हींचा टॉप (पुढची फळी) सॉलिड स्प्रूस लाकडाचा. पहिलीचा आवाज जास्त भरलेला आणि ऊबदार वाटतो. दुकानदाराचं म्हणणं, ती सगळी स्लॉटेड हेडची करामत.

विचारायचं असं:

१. आवाजातला फरक खरंच हेडस्टॉकमुळे पडतो का?
२. ट्यूनिंग कोणत्या प्रकारात जास्त टिकतं?
३. तारा बदलणं किती किचकट आहे? नेहमीच्या पद्धतीने बदलता येतात का?
४. आपल्याकडचा मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा अशा हेडला सोसतो का? गिटार दुरुस्त करणारा माणूस इथे जवळ नाही, त्यामुळे घरी काय करता येईल आणि कशाला हात लावू नये, तेही सांगा.

---

सहातारी (जळगाव)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते.

तुम्हाला जो भरलेला आवाज ऐकू येतोय तो मुख्यतः १२ फ्रेटच्या जोडणीचा आहे. स्केल (तारेची वाजणारी लांबी) तेवढीच ठेवून मान १४ ऐवजी १२ व्या फ्रेटला जोडली की ब्रिज (टॉपवर तारा अडकवायची पट्टी) बॉडीत मागे सरकतो आणि खालच्या रुंद भागाच्या मध्याजवळ येतो. टॉपचा तो भाग सगळ्यात मोकळेपणाने हलतो, म्हणून खर्ज भरतो आणि एकूण स्वर गोल होतो. त्यात नट रुंद असल्याने बोटांना जागा मिळते, तारा स्वच्छ छेडल्या जातात. हेडस्टॉकचा यात वाटा फार थोडा.

मग लोक श्रेय हेडस्टॉकला का देतात? दोन्ही गोष्टी बाजारात जोडीने येतात म्हणून. मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या गिटारी बहुतेक १२ फ्रेटच्या आणि स्लॉटेड हेडच्या असत. १९२९ मध्ये बँजोवादक पेरी बेक्टेलच्या मागणीवरून मार्टिनने ओएम मॉडेल काढलं. त्यात १४ फ्रेट बॉडीबाहेर, हेडस्टॉक सॉलिड आणि ट्यूनर (खुंट्यांची यंत्रणा) बँजोचे होते. पुढच्या पाचेक वर्षांत त्यांची बहुतेक मॉडेलं १४ फ्रेटवर गेली आणि स्लॉटेड हेड मागे पडलं. आज जुन्या धाटणीची १२ फ्रेटची गिटार बनवताना बरेच कारखाने तिला जुनं हेडही देतात. कानाला दोन्ही एकदम भेटतात, म्हणून घोळ होतो.

हेडच्या वजनाचा अजिबात परिणाम होत नाही असं मात्र नाही. मानेच्या टोकावर वजन वाढलं की मानेच्या स्वतःच्या कंपनाची वारंवारता खाली येते, आणि एखादा विशिष्ट स्वर थोडा दबतो किंवा उठतो. हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. साधारण १०० ग्रॅमचा छोटा क्लॅम्प फडक्यात गुंडाळून सॉलिड हेडच्या टोकाला लावा. तोच तुकडा आधी क्लॅम्पशिवाय, मग क्लॅम्पसह वाजवा. जो फरक ऐकू येईल, हेडच्या वजनाने पडणारा फरक त्याच मापाचा असतो. १२ आणि १४ फ्रेटमधला फरक याच्या कितीतरी पट मोठा आहे.

स्लॉटेडचा मला खरा वाटणारा फायदा वेगळाच आहे: तोल. दोन लांब खिडक्यांमधलं लाकूड कमी होतं, आणि उघड्या दात्यांचे ट्यूनर बंद डबीच्या ट्यूनरांपेक्षा हलके असतात. गिटार मांडीवर ठेवली की मान खाली झुकत नाही, डावा हात मान तोलण्यात अडकत नाही. तुम्ही बसून वाजवणार, तेव्हा हा फायदा तुम्हाला रोज मिळेल.

---

कानस_आणि_करवत (धुळे)

सहातारीभाऊंशी सहमत. ट्यूनिंगचं मी सांगतो. पुढे गोंधळ नको म्हणून आधी शब्द ठरवू: नटातली ती ‘खाच’, हेडस्टॉकमधली ती ‘खिडकी’, आणि तार गुंडाळली जाते ती ‘पोस्ट’.

सगळ्याचं मूळ आहे तार नटावरून किती कोनात खाली वळते यात. सॉलिड हेडमध्ये पोस्ट हेडच्या वर उभी असते. हेड स्वतः १५ अंश मागे झुकलेलं असेल तर तारही साधारण तेवढीच वळते. स्लॉटेडमध्ये पोस्ट आडवी असते आणि खिडकीच्या आत, हेडच्या पृष्ठभागाखाली बसते. त्यामुळे कोन तीव्र होतो. नटाच्या सगळ्यात जवळची पोस्ट पहिल्या आणि सहाव्या तारेची. तिथे कोन २५ ते ३० अंशांपर्यंत जातो. तिसरी आणि चौथी तार सगळ्यात लांबच्या पोस्टवर जाते, म्हणून त्यांचा कोन २० च्या आसपास राहतो.

आकड्यात बघा. १२-५३ च्या लाइट सेटमध्ये (पहिली, सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच, सहावी ०.०५३ इंच) सहाव्या तारेवर जवळपास ११.८ किलो ताण असतो. १५ अंशांच्या कोनात ती नटावर ३ किलोच्या आसपास दाब देते, २८ अंशांत ५.५ किलो. जवळपास दुप्पट दाब. याचे दोन परिणाम होतात.

चांगला परिणाम: तार खाचेत घट्ट बसते. मोकळी तार जोरात छेडली तरी खाचेत वळवळत नाही, स्वर ठाम येतो.

वाईट परिणाम: घर्षण वाढतं. खाच जराशी अरुंद किंवा खडबडीत असली की तार अडकते. खुंटी पिळली तरी स्वर हलत नाही, आणि मग एकदम ‘टिंग’ करून पुढे उडी मारतो. वाजवताना तार ताणली तर परत पूर्ण जागेवर येत नाही. लोक शिव्या ट्यूनरला देतात, दोष असतो नटाचा. स्लॉटेड हेडला निष्काळजीपणे कापलेला नट चालत नाही. सॉलिड हेड तोच नट बऱ्यापैकी सोसून घेतं.

नट कसा हवा ते असं:

खाचेची रुंदी तारेच्या जाडीपेक्षा ०.०५ ते ०.०८ मिमी जास्त. १२-५३ सेटमध्ये तिसरी तार ०.६१ मिमीची असते, तिची खाच ०.६६ ते ०.६९. सहावी १.३५ मिमीची, तिची खाच १.४० ते १.४३.

गुंडाळीच्या तारेची (जिच्यावर बारीक धातूची तार गुंडाळलेली असते तिची) निम्मी जाडी खाचेत बसावी, निम्मी वर दिसावी. पूर्ण बुडालेली तार दोन्ही भिंतींना घासते.

खाचेचा तळ गोल हवा आणि तो पोस्टच्या दिशेने उतरता हवा. तार टेकण्याचा सगळ्यात उंच बिंदू फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच आला पाहिजे. तो मागे सरकला तर मोकळी तार तंबोऱ्याच्या जवारीसारखी झणझणते. तंबोऱ्याला ते भूषण आहे, गिटारला नाही. शिवाय पहिल्या काही फ्रेटवर स्वर बेसूर लागतात.

आणि एक जागा फक्त स्लॉटेडमध्येच असते: नटाकडची खिडकीची कड. पहिली आणि सहावी तार तीव्र कोनात खाली उतरते, म्हणून ही कड उताराने तासलेली असावी लागते. उतार कमी पडला की तार नटानंतर लाकडालाही टेकते. टेकलेल्या जागी ती हळूहळू लाकडात रुतते, ट्यूनिंग अडखळतं, कधी बारीक खरखरही येते. वहीच्या पानाची पट्टी तार आणि त्या कडेच्या मधून सरकवून बघा. सहजपणे आरपार गेली पाहिजे.

---

स्वरगंध_नंदुरबार

एक भर घालतो. कोन तीव्र असल्यामुळे स्लॉटेडमध्ये तारांवर ताण जास्त येतो, म्हणून त्या बोटांना कडक लागतात आणि ब्रिजवरही जास्त भार पडतो. तेव्हा स्लॉटेडला एक नंबर हलका सेट लावावा.

---

कानस_आणि_करवत (धुळे)

स्वरगंधभाऊ, हे बरोबर नाही. अशा समजुतीवर लोक विनाकारण बारीक तारा लावतात आणि आवाज घालवून बसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचं दर लांबीमागचं वजन, नट ते सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी) अंतर आणि स्वर. या तिन्ही सारख्या असतील तर नटामागे तार १० अंशात वळो की ३० अंशात, ताण तेवढाच राहतो. लाइट सेटचा एकूण ताण साधारण ७४ किलो भरतो, दोन्ही हेडवर. ब्रिजला हेडस्टॉक कोणतं आहे याचा पत्ताही लागत नाही.

कडकपणाचं जे जाणवतं त्याचं कारण वेगळं आहे. तार आडवी ताणताना नटामागचा तुकडाही थोडा सरकून मदत करतो. घर्षण जास्त असेल तर तो सरकत नाही आणि तार हाताला हट्टी लागते. पण बहुतेक वेळा कडकपणा नटाच्या उंचीमुळे असतो. तार तिसऱ्या फ्रेटच्या किंचित आधी, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. केसभर फट बरोबर. पोस्टकार्ड जात असेल तर खाच उंच आहे.

---

चोपडेकर

तारा बदलण्याचं मी घेतो. किचकट नाही, पण सॉलिड हेडची सवय जशीच्या तशी चालत नाही. सॉलिडला १५ मिनिटं लागत असतील तर इथे अर्धा तास धरा.

गिटार टेबलावर उताणी ठेवताना मानेखाली उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल घ्या, इतका उंच की हेड पूर्ण अधांतरी राहील. स्लॉटेडच्या खुंट्यांची बटणं मागे, जमिनीकडे वळलेली असतात. टेबलाला टेकली तर फिरत नाहीत, आणि दाब बारीक दांड्यांवर येतो.

एका वेळी एकच तार काढा. जुनी तार पूर्ण सैल करून पोस्टजवळचे वेढे हाताने उलगडा. ताणलेली तार कटरने तोडू नका.

नव्या तारेच्या टोकाचा गोळा ब्रिजमध्ये घालून पिन बसवा, पिनेची खाच तारेकडे. तार वर ओढून गोळा आत पट्टीला टेकला की नाही ते बघा. मग पोस्ट फिरवून तिचं भोक सरळ वर, तुमच्या डोळ्यांकडे आणा. तार वरून भोकात घाला आणि हेडच्या मागून बाहेर काढा.

आता ढील. स्टील तारांच्या पोस्टचा व्यास साधारण ६.३५ मिमी, म्हणजे एका वेढ्याला २० मिमी तार लागते. गुंडाळीच्या तारांना अडीच वेढे पुरतात: तार घट्ट ओढून ५ सेंमी परत सोडा. पहिल्या दोन साध्या तारांना चार वेढे हवेत, तिथे ८ सेंमी सोडा. यापेक्षा जास्त वेढे घेतले तर खिडकीत जागा पुरत नाही, वेढे एकमेकांवर चढतात, आणि चढलेले वेढे पुढे घसरून बसत राहतात. ट्यूनिंग दोन दिवस हलतं ते त्यामुळे.

पिळायची दिशा लक्षात ठेवा: पोस्टचा वरचा भाग नटापासून लांब, हेडच्या टोकाकडे गेला पाहिजे. म्हणजे तार पोस्टच्या वरून येते. उलट पिळली तर तार पोस्टच्या खालून येते, कोन आणखी तीव्र होतो आणि तार हमखास कडेला घासते.

वेढे कोणत्या बाजूला सरकवायचे ते तार नटातून सरळ येते की नाही हे बघून ठरवा. पहिल्या आणि सहाव्या तारेचे वेढे भोकापासून बाहेरच्या बाजूला, हेडच्या कडेकडे घ्या. दुसऱ्या आणि पाचव्याचेही तसेच. कारण तिसरी आणि चौथी तार पुढे जाताना या पोस्टच्या आतल्या भागावरून जाते. तिथे वेढ्यांचा ढीग असला तर तार त्याला घासते. सॉलिडमध्ये पोस्ट जिथे आहे तिथेच तारेला जावं लागतं. इथे वेढे डावीउजवीकडे सरकवून तार सरळ रेषेत आणता येते, आणि नटाच्या खाचेवर बाजूने येणारा दाब कमी होतो. मला स्लॉटेडची ही सोय फार आवडते, आणि बरेच जण ती वापरतच नाहीत.

पहिला वेढा घेताना साध्या तारेचं शेपूट त्या वेढ्याखाली दाबून घ्या, घसरत नाही. स्वर लागल्यावरच शेपूट कापा, ३ मिमी ठेवून. ते टोक खिडकीच्या भिंतीला टेकू देऊ नका, खरखर करतं आणि पुसताना बोटात घुसतं.

वाइंडर (खुंटी भराभर फिरवायचं हत्यार) चालतो, पण मागच्या बाजूने लावावा लागतो. स्वर दाखवणारा क्लिपचा ट्यूनर हेडच्या अगदी टोकाला लावा. बाजूच्या कडांवर खुंट्यांच्या पट्ट्या असल्याने तिथे पकड नीट बसत नाही.

---

कापूसवेचणी (जळगाव)

चौथा प्रश्न राहिला, तो आपल्या मातीचा आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं. टॉप थोडा खाली बसतो, तारा फ्रेटला टेकायला लागतात, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोचतात. पावसाळ्यात उलट: टॉप फुगतो, अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर जाते. हे दोन्ही गिटारींना सारखंच. स्लॉटेडमध्ये यावर तीन गोष्टींची भर पडते.

एक, ट्यूनरच्या पट्टीचे बारीक स्क्रू. लाकूड आकसलं की ते ढिले होतात आणि पट्टी ठराविक स्वरावर खरखरते. माणूस फ्रेटमध्ये दोष शोधत बसतो. एप्रिलच्या शेवटी योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरने हलक्या हाताने तपासा, टेकले की थांबा. जोर लावला तर लाकडातले आटे जातात. गेलेच, तर भोकात फेव्हिकॉल लावलेली दातकोरणी बसवा, रात्रभर वाळू द्या, कापून स्क्रू परत लावा.

दोन, पोस्टचं दुसरं टोक. ते मधल्या लाकडी पट्टीतल्या भोकात फिरतं. पावसाळ्यात लाकूड फुगून भोक आवळलं की खुंटी जड होते. तिथे तेल घालू नका, लाकूड ते पितं. तार काढून, पट्टीचे स्क्रू सोडून ट्यूनर बाहेर घ्या आणि पोस्टच्या टोकाला मेणबत्ती घासा. बस.

तीन, उघडे दाते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत तंतू तरंगतात, आणि धूळ तर बारा महिने. दात्यांत तेल भरपूर असेल तर धूळ त्याला चिकटून कानशीसारखं काम करते, पितळ झिजतं, खुंटीत ढिलाई येते. आधी जुन्या टूथब्रशने कोरडं साफ करा. मग दातकोरणीच्या टोकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घेऊन दात्यांना लावा, खुंटी पुढेमागे फिरवा, उरलेलं फडक्याने पुसा. वर्षात दोनदा पुरे. फवारणीचं तेल हेडवर मारायचं नाही, ते खिडकीच्या उघड्या लाकडात शिरतं.

कूलरसमोर गिटार ठेवू नका. रात्रभर ओलसर हवा, सकाळी कूलर बंद झाला की कोरडी, हा रोजचा हेलकावा नुसत्या कोरडेपणापेक्षा वाईट. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हे लक्ष्य ठेवा, डिजिटल आर्द्रतामापक केसमध्येच ठेवा. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात पिळून घेतलेला स्पंज ठेवला तरी काम भागतं, फक्त पाणी गळता कामा नये. बंद गाडीत उन्हात गिटार सोडणं दोन्हींच्या मुळावर येतं: आतलं तापमान ६० च्या पुढे गेलं की सरस मऊ पडायला लागतो आणि ७४ किलोचा ताण ब्रिजला उचलतो.

केस घेताना मानेखालचा आधार बघा. बटणं मागे असल्यामुळे हेड केसच्या तळाला टेकता कामा नये. टेकत असेल तर केस आडवी आपटताच दांड्या वाकतात.

---

तापीकाठ (भुसावळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज स्लॉटेडवाली नीट तपासली. कागदाची पट्टी पहिल्या तारेखालून गेली, सहाव्या तारेपाशी अडते. तिसरी तार पिळताना टिंग वाजते. पाचव्या तारेची खुंटी बाकीच्यांपेक्षा जड आहे. ट्रस रॉडची (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या गजाची) चावी आवाजाच्या भोकातून लागते. हेडवर खिडकीच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ दिसते, पण ती पॉलिशमधली आहे की लाकडातली ते कळत नाही. ट्यूनर तीन-तीनच्या पट्टीवर आहेत. यातलं काय चालेल आणि काय नाही?

---

कानस_आणि_करवत (धुळे)

क्रमाने नाही, महत्त्वाचं आधी.

ती रेघ. बाकी सगळं दुरुस्त होतं, ही लाकडात असेल तर ती गिटार सोडून द्या. खिडकीचा कोपरा हा या हेडचा सगळ्यात नाजूक बिंदू. खिडक्यांमुळे बाजूला अरुंद पट्ट्या उरतात, त्यांनाच आडवी भोकं पाडलेली असतात, आणि खिडकीची टोकं चौकोनी कापली असतील तर ताण नेमका कोपऱ्यात एकवटतो. गोल टोकं म्हणूनच चांगली. तपासणी अशी: सहावी तार पूर्ण सैल करून रेघ भिंगाखाली बघा, मग तार सुरात आणून परत बघा. रेघ रुंदावली किंवा खिडकीच्या आतल्या भिंतीवरही उतरलेली दिसली, तर ती लाकडातली चीर. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, आतली भिंत स्पष्ट दिसते. दोन्ही वेळा सारखीच, आणि फक्त वरच्या थरात असेल तर पॉलिशची, तिची काळजी नको.

जड खुंटी. पाचवी तार सैल करा आणि त्या बाजूच्या पट्टीचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सोडा. खुंटी हलकी झाली तर दोष भोकाच्या सरळपणात आहे. तीन पोस्ट एकाच पट्टीवर असल्याने एक भोक जरा जरी चुकलं की ती पोस्ट तिरकी दबते. भोक गोल कानशीने किंचित मोकळं करायचं, पाव मिलिमीटरसुद्धा पुष्कळ होतो. स्क्रू सोडूनही जडच राहिली तर दात्याच्या मधला छोटा स्क्रू जास्त आवळलेला आहे. तो पाव फेरा सोडा.

तिसरी तार. तिचा कोन सहाव्या तारेपेक्षा सौम्य असतो, तरी टिंग तिचीच येते, म्हणजे कोनाला दोष देऊ नका. खाच अरुंद आहे किंवा तार तिरकी येते आहे. आधी चोपडेकरांनी सांगितल्याप्रमाणे वेढे सरकवून तार सरळ आणा. तरी टिंग राहिली तर तार सैल करून खाचेतून उचला. ती चिमटीत धरल्यासारखी सुटत असेल तर खाच अरुंदच. नटाच्या कानशी महाग असतात. गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या खरखरीत पिनांचा संच हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो, त्यातली ०.६५ मिमीच्या जवळची पीन व्हर्नियरने मोजून निवडा. पोस्टच्या दिशेने उतार ठेवून चार-पाच हलके हात, फक्त बाजूंना, तळाला नाही. सोनाराकडच्या त्रिकोणी कानशीचा मोह टाळा. ती तळ टोकदार करते आणि तार त्यात पाचरीसारखी अडकते. शेवटी खाचेत २बी पेन्सिलचं टोक घासा.

तळ चुकून खोल गेला, मोकळी तार पहिल्या फ्रेटवर वाजायला लागली, तर हाडाच्या नटात हाडाचाच बारीक भुगा भरून वर पातळ फेव्हीक्विकचा थेंब द्या आणि पुन्हा कापा. हे काही महिने चालतं, मग नवा नट बसवून घ्यावा.

सहाव्या तारेची कड. इथे लाकूड काढायचं आहे, घाई नको. चौथी, पाचवी आणि सहावी तार बाजूला करून आजूबाजूच्या पॉलिशवर कागदी टेप लावा. पेन्सिलीला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून कड उताराने तासा, दर दहा हातांनंतर तार लावून कागदाची पट्टी फिरवा. पट्टी मोकळी गेली की आणखी अर्धा मिलिमीटर आणि थांबा. मग ४०० नंबर, आणि उघड्या लाकडाला शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात. ते तसंच उघडं सोडलं तर पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते.

ट्रस रॉड आवाजाच्या भोकातून आहे ही चांगली गोष्ट. त्याची चावी हेडमधून लागत असती तर त्यासाठी तारांच्या नटाच्या मागेच लाकूड कोरावं लागलं असतं, आणि मान तिथेच सगळ्यात पातळ असते. चावीचं माप दुकानातच विचारून घ्या, सहसा ४ किंवा ५ मिमीची अॅलन असते, आणि ब्रेसिंगच्या (टॉपच्या आतल्या आधारपट्ट्यांच्या) पलीकडे पोहोचेल अशी लांब लागते.

---

चोपडेकर

पट्टीच्या ट्यूनरबद्दल एक. घेण्याआधी पोस्टच्या मध्यापासून पुढच्या पोस्टच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ३५ मिमी असेल तर पुढे बदली संच सहज मिळेल. वेगळं असेल तर एक खुंटी गेली तरी अख्खी पट्टी शोधावी लागते. संच मागवताना ‘स्टील तारांसाठी, ६.३५ मिमीची धातूची पोस्ट’ असं स्पष्ट सांगा. क्लासिकल गिटारचे ट्यूनरही दिसायला तसेच आणि बहुधा ३५ मिमीचेच असतात, पण त्यांची पोस्ट १० मिमी जाड प्लॅस्टिकची असते. स्टीलची तार त्यात रुतते आणि प्लॅस्टिक चिरतं.

उलट चूकही कोणी करू नये. घरात नायलॉनची क्लासिकल गिटार असेल आणि हेड सारखं दिसतं म्हणून तिला स्टीलच्या तारा चढवल्या, तर जवळपास ४० किलोसाठी बांधलेल्या ब्रिजवर ७४ किलो येतात.

---

तापीकाठ (भुसावळ)

भिंग घेऊन परत गेलो. रेघ सैल तारेतही आणि सुरातही तेवढीच आहे, आतल्या भिंतीवर काही नाही. स्क्रू सोडल्यावर पाचवी खुंटी हलकी झाली. अंतर ३५ मिमी भरलं. कड आणि नट दुकानदार स्वतः करून देतो म्हणतोय.

---

कानस_आणि_करवत (धुळे)

मग घ्या. पण कड तासताना तिथे उभे राहा, कागदाची पट्टी तुमच्या हातात ठेवा, आणि तासलेल्या जागी शेलॅक लावल्याशिवाय गिटार उचलू नका.

---

कापूसवेचणी (जळगाव)

आणि आत्ता एप्रिल आहे. कोरड्या हवेत टॉप खाली बसलेला असतो, तेव्हा आज तारा खरखरतात म्हणून सॅडल उंच करून घेऊ नका. जुलैत टॉप फुगला की तीच अॅक्शन बोटं सोलून काढेल. आधी दोन आठवडे केसमध्ये ५० टक्क्यांवर ठेवा, मग १२ व्या फ्रेटवर मोजा. सहाव्या तारेखाली २.४ मिमी आणि पहिलीखाली १.८ च्या आसपास येत असेल तर सॅडलला हात लावायचं कारण नाही.